133 दिवसांची भीती

महाराष्ट्रात 23 नोव्हेंबर 2024 रोजी जे सरकार 235 जागा घेऊन परत आले, ते साडेपाच महिन्यांपूर्वी हरलेले सरकार होते. 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा राज्यातल्या 48 जागांपैकी 30 महाविकास आघाडीने नेल्या, महायुतीच्या पदरात 17 पडल्या आणि सांगलीत अपक्ष निवडून आला. भाजप 23 वरून 9 वर घसरला. कांद्याच्या निर्यातबंदीने पोळलेल्या दिंडोरी, नाशिक, नगर या पट्ट्यात तर महायुतीच्या विद्यमान खासदारांना घरी बसावे लागले. त्याच मतदाराने नोव्हेंबरात विधानसभेच्या 288 पैकी 235 जागा त्याच युतीला दिल्या, आणि विरोधातला सर्वात मोठा पक्ष 20 वर थांबला. निकालाच्या संध्याकाळपासून या विजयाला ‘लाट’, ‘त्सुनामी’, ‘एकतर्फी’ अशी विशेषणे लागली, ती अजून निघालेली नाहीत. मला ती फसवी वाटतात. हा विजय एकतर्फी दिसला तरी तो सुखासुखी आलेला नव्हता. जूनमध्ये घाबरलेल्या सरकारने ऑक्टोबरपर्यंत जिवाच्या आकांताने केलेल्या कामाची ती मजुरी होती. भीती म्हणजे इथे एवढेच, की खुर्ची जाईल ही धास्ती. लोकशाहीत मतदाराच्या हाती सरकारला हलवण्याची दुसरी कळ फारशी नसते. ती कळ 133 दिवस चालली. नंतर मतदारानेच भरभरून मते दिली आणि आपल्याच हाताने ती बंद केली.

133 हा आकडा ओढूनताणून आणलेला नाही. 4 जूनचा निकाल आणि 15 ऑक्टोबरला लागलेली आचारसंहिता यांच्यामध्ये एवढेच दिवस होते. त्यातल्या चोविसाव्या दिवशी, 28 जूनला, अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली: दरमहा 1500 रुपये, वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद. त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली आणि वर्षाला तीन गॅस सिलिंडर देण्याची घोषणा झाली. पुढे कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी 5000 रुपये, कोतवालांना, ग्रामरोजगार सेवकांना, मदरशांतल्या शिक्षकांना मानधनवाढ असे सुरूच राहिले. देशी गाईला ‘राज्यमाता’ हा दर्जाही याच धांदलीत मिळाला. 14 ऑक्टोबरला मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि दुसऱ्या दिवशी आचारसंहिता लागली. पण या सगळ्यात खरी बोलकी गोष्ट आहे ती लाडकी बहीण योजनेच्या अटींची. मूळ शासन निर्णयात वयोमर्यादा 60 होती, अधिवास प्रमाणपत्र हवे होते, उत्पन्नाचा दाखला हवा होता, कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नको होती. जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत तहसील कचेऱ्यांपुढे आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या, दाखल्यांसाठी पैसे मागितल्याच्या तक्रारी आल्या, आणि आठवडा उलटायच्या आत अटी विरघळल्या. वय 65 झाले, जमिनीची अट गेली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले की उत्पन्नाचा दाखला नको, आणि पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला असला की अधिवास प्रमाणपत्रही नको. अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविकेला प्रत्येक अर्जामागे 50 रुपये कबूल झाले. ऑगस्टमध्ये पहिले 3000 रुपये जमा झाले तेव्हा काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड त्यातून कापून घेतला. लगेच मंत्रालयातून बँकांना तंबी गेली. ज्या राज्यात सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करायला वर्ष जाते, तिथे शासन निर्णय आठवड्यात बदलतो आणि बँकेने कापलेल्या दंडाची दखल मंत्रालय घेते. एरवी बंद असलेले प्रशासनाचे कान त्या काळात किती उघडे होते, ते यातून कळते.

आता मतांकडे पाहू. भाजपला लोकसभेत राज्यात 26.18 टक्के मते पडली आणि 9 जागा मिळाल्या. विधानसभेत 26.77 टक्के मते पडली आणि 132 जागा मिळाल्या. मागे गेलो तर 2014 च्या विधानसभेत 27.81 टक्क्यांना 122 जागा आणि 2019 मध्ये 25.75 टक्क्यांना 105 जागा होत्या. प्रत्येक वेळी लढवलेल्या जागा कमीजास्त होत्या, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण दहा वर्षांत या पक्षाचा राज्यव्यापी वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपासच फिरतो आहे, एवढे त्यातून नक्की दिसते. बदल झाला तो युतीच्या बेरजेत. लोकसभेत दोन्ही आघाड्यांमध्ये टक्काभराचेही अंतर नव्हते. विधानसभेत महायुती पन्नाशीजवळ पोहोचली आणि आघाडी 35 टक्क्यांवर आली. जिंकलेल्या उमेदवाराखेरीज बाकी सगळी मते वाया घालवणाऱ्या आपल्या पद्धतीत चौदा टक्क्यांचे अंतर म्हणजे पाचपट जागा. काँग्रेसला 12.42 टक्के मते मिळाली, शिंदेंच्या शिवसेनेला 12.38. काँग्रेसच्या जागा 16, शिंदेंच्या 57. शरद पवारांच्या पक्षाला 11.28 टक्के मतांवर 10 जागा, अजित पवारांच्या पक्षाला 9.01 टक्क्यांवर 41. कोणी किती जागा लढवल्या याचा वाटा यात आहेच, तरीही विधानभवनात बसून पाहिले की दिसणारा महाराष्ट्र आणि मतपेटीतून आलेला महाराष्ट्र यांत केवढी तफावत आहे, ते यावरून ध्यानात यावे. दर तीन मतदारांपैकी एकाने ज्यांना मत दिले, त्यांच्या वाट्याला सभागृहातली जेमतेम सहावी खुर्ची आली.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की सगळे श्रेय भीतीला आणि पैशाला देणे हा मतदाराचा अपमान आहे. समृद्धी महामार्ग, सागरी किनारा मार्ग, मेट्रो ही कामे लोकांनी पाहिली नाहीत का? ओबीसी समाज एकवटला नाही का? ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ या घोषणांचे काय? आघाडीतली जागावाटपाची भांडणे, जून जिंकला म्हणजे नोव्हेंबर खिशातच आहे हा तोरा, हे सगळे काहीच नव्हते का? होते, आणि त्यातले काही वजनदारही होते. मराठा आरक्षण आंदोलनाचे मनोज जरांगे यांनी 4 नोव्हेंबरला उमेदवार उभे न करण्याचे ठरवले, त्यानेही मराठवाड्यातली गणिते हलली. पण रस्ते, पूल, मेट्रो मे महिन्यातही होते आणि तरी लोकसभेत 17 जागाच आल्या. मेमध्ये नव्हते आणि नोव्हेंबरात होते असे काय, हा प्रश्न विचारला की यादी लहान होते. घोषणा नव्या होत्या, हे मान्य. त्यांच्याहून अधिक घरांत पोहोचलेली नवी गोष्ट होती ती दिवाळीच्या आत खात्यात पडलेले 7500 रुपये. 2019 मध्ये स्त्रियांचे मतदान सुमारे 59 टक्के झाले होते, 2024 मध्ये ते 65 टक्क्यांवर गेले. ज्या आघाडीने जुलैत योजनेची टवाळी केली, तिनेच नोव्हेंबरात 3000 रुपयांचे वचन दिले. त्या टवाळीचे उत्तर तिला मतमोजणीपूर्वीच मिळालेले होते.

मात्र यावरून ‘बायकांनी मते विकली’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, सुशिक्षितांत जास्त. तो चूक आहे आणि त्याची चूक इतर राज्यांनी दाखवून दिली आहे. पैसे टाकले की मत येते असे असते तर आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डी हरलेच नसते. पाच वर्षे थेट खात्यात पैसे भरणारा तो पक्ष 2024 मध्ये 175 पैकी 11 जागांवर आला. तेलंगणात शेतकऱ्याला एकराप्रमाणे पैसे देणारे सरकार 2023 मध्ये गेले. उलट मध्य प्रदेशात निवडणुकीच्या वर्षात आणलेल्या लाडली बहना योजनेनंतर भाजपने 230 पैकी 163 जागा घेतल्या, आणि आपल्याच बरोबर मतदान झालेल्या झारखंडात मैया सन्मान योजना आणणाऱ्या हेमंत सोरेन यांच्या आघाडीने 81 पैकी 56. पक्ष वेगळे, निकाल सारखा. जुन्या पैशाला मतदार हक्क समजतो, नव्या पैशाकडे तो सरकारने आपले ऐकल्याची खूण म्हणून पाहतो. जूनमध्ये दणका दिला आणि ऑगस्टमध्ये खात्यात रक्कम आली, हा हिशेब घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. ऐकणाऱ्याला मत देणे यात विकाऊ काहीच नाही. अडचण दुसरीकडेच आहे: जो भीतीमुळे ऐकत होता, त्याची भीती त्याच मताने संपते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूचा आहे: हा निकाल मतांचा नव्हताच, याद्यांचा आणि यंत्रांचा होता. लोकसभेच्या वेळी राज्यात 9 कोटी 30 लाखांच्या आसपास मतदार होते, विधानसभेला 9 कोटी 70 लाख. पाच-सहा महिन्यांत 40 लाखांची भर कशी पडली, हा प्रश्न रास्त आहे. याद्या सर्व पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होतात आणि त्यांवर आलेली अपिले अगदी मोजकी होती, हे निवडणूक आयोगाचे उत्तर त्या प्रश्नाला पुरे पडत नाही. याद्या संगणकावर तपासता येतील अशा रूपात खुल्या केल्या असत्या तर निम्मा वाद तिथेच मिटला असता. त्याऐवजी निवडणुकीनंतर महिन्याभरात निवडणूक नियमांतल्या नियम 93 मध्ये बदल होऊन मतदान केंद्रावरचे चित्रीकरण मागण्याची वाट अरुंद झाली. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तर आपल्यापुरता ताळा पाहायचे ठरवले होते. गाव ज्याच्या मागे होते तो उमेदवार निवडूनही आला होता. तरी गावातल्या यंत्रांचे आकडे गावाला पटेनात, म्हणून त्यांनी 3 डिसेंबरला कागदी मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचा घाट घातला. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि तो बेत सोडावा लागला. ते मतदान बेकायदा ठरले असते, यात शंका नाही. पण जिंकलेले गावही ज्या निकालावर विश्वास ठेवत नाही, त्या निकालाच्या व्यवस्थेने कायद्याची कलमे दाखवून समाधान मानू नये. एवढे म्हणूनही चौदा टक्क्यांचे अंतर याद्यांच्या घोळातून निघाले, असे मला वाटत नाही. जूनमध्ये हीच यंत्रे होती आणि तेव्हा तक्रारीचा सूर एवढा मोठा नव्हता. पराभवाचे सगळे खापर यंत्रावर फोडले की आघाडीला स्वतःकडे पाहावे लागत नाही, ही त्या स्पष्टीकरणाची खरी सोय आहे.

भीती गेल्यावर काय होते, हे पाहायला फार थांबावे लागले नाही. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जाणारा शक्तिपीठ महामार्ग घ्या. बारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्याला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला, लोकसभेत त्याचा फटका बसला, आणि विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूरपुरते भूसंपादन गुंडाळण्यात आले. 24 जून 2025 रोजी मंत्रिमंडळाने त्याच महामार्गाला मान्यता दिली आणि सुरुवातीच्या कामासाठी वीस हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. रस्ता तोच, शेतकरी तेच, जमीनही तीच. लाडक्या बहिणीला प्रचारात 2100 रुपयांचा शब्द दिला होता. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात रक्कम 1500 च राहिली आणि तरतूद 46 हजार कोटींवरून 36 हजार कोटींवर आली. कर्जमाफीचे आश्वासन जाहीरनाम्यात होते. मार्चअखेरीस उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत शेतकऱ्यांना पीककर्जाचे हप्ते 31 तारखेच्या आत भरायला सांगितले. तिजोरीची अवस्था पाहता ते बोलणे प्रामाणिक होते, असेही म्हणता येईल. मग तोच प्रामाणिकपणा ऑक्टोबरात का सुचला नाही, एवढाच प्रश्न उरतो. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण शेतकऱ्याने उगीच जपून ठेवलेली नाही.

सरकारला पाच वर्षे थोडे थोडे भ्यायला लावण्याची जागा म्हणून विधिमंडळ असते. तिथे काय झाले? विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश, म्हणजे 29 आमदार लागतात, हे वाक्य निकालाच्या दिवसापासून इतक्या वेळा उच्चारले गेले की तो कायदाच आहे असे वाटावे. ती एक दशांशाची प्रथा लोकसभेत गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना पडली, आणि ती सभागृहात पक्ष म्हणून मान्यता देण्यापुरती होती. महाराष्ट्राचा 1978 चा कायदा विरोधातल्या सर्वाधिक संख्येच्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्य केलेला नेता एवढेच म्हणतो. टक्केवारीचा उल्लेख त्यात नाही. दिल्लीत 2015 मध्ये 70 पैकी 67 जागा जिंकलेल्या आम आदमी पक्षाच्या काळात तीन आमदारांच्या भाजपला हे पद मिळाले. दिल्ली सोडा, आपल्याच विधानसभेचा इतिहास पाहा. 1972 मध्ये काँग्रेसच्या 222 जागा होत्या आणि शेतकरी कामगार पक्षाच्या 7. विरोधी पक्षनेते होते दि. बा. पाटील. 1985 नंतरच्या सभागृहात जनता पक्षाचे निहाल अहमद आणि मृणाल गोरे, शेकापचे दत्ता पाटील यांनी आळीपाळीने ते पद सांभाळले. त्यांच्यापैकी एकाच्याही पक्षाकडे 29 आमदार नव्हते. ठाकरे यांच्या शिवसेनेने मार्च 2025 मध्ये भास्कर जाधव यांचे नाव दिले, त्यावर निर्णय काही होईना. ऑगस्टअखेरीस अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि विधान परिषदेतही ती खुर्ची मोकळी झाली. त्याआधी जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या. जुलैत विधानसभेत ते आवाजी मतदानाने संमत झाले आणि माकपच्या एकमेव आमदाराने आपला विरोध नोंदवला. त्याच अधिवेशनात 57 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. जे सरकार 235 आमदार घेऊन बसले आहे, त्याला एक विरोधी पक्षनेता नेमायची हिंमत होऊ नये, याला मी ताकद म्हणत नाही. मधली आणखी एक तपासणी म्हणजे स्थानिक निवडणुका. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तिथे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता, म्हणजे तोही रस्ता बंद.

सभागृहातून हाकलली की भीती रस्त्यावर उतरते. 2025 या एका वर्षात 235 आमदारांचे सरकार तीनदा झुकले आणि तिन्ही वेळा विधानभवनाबाहेर. पहिलीपासून हिंदी आणण्याचे एप्रिल आणि जूनमधले दोन्ही शासन निर्णय 29 जूनला रद्द झाले, कारण 5 जुलैला ठाकरे बंधूंचा एकत्र मोर्चा निघणार होता. ऑगस्टअखेरीस जरांगे आझाद मैदानावर आले, दक्षिण मुंबई ठप्प झाली, आणि पाचव्या दिवशी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय हातात पडला. 28 ऑक्टोबरला बच्चू कडू यांनी ट्रॅक्टर घेऊन नागपूरबाहेरचा महामार्ग अडवला. दोन दिवसांत मुंबईत बैठक झाली आणि 30 जून 2026 पर्यंत कर्जमाफीचा निर्णय करू, असा शब्द सरकारला द्यावा लागला. कडू स्वतः 2024 मध्ये अचलपूरला पडले होते. मार्चमध्ये तिजोरी रिकामी होती ती ऑक्टोबरात भरली नव्हती. फरक पडला तो अडलेल्या गाड्यांच्या रांगेने. शेतकऱ्यांचे शेकडो प्रश्न प्रश्नोत्तराच्या तासात वर्षभर विचारले जात होते, त्यांतल्या कोणत्या उत्तरात अशी तारीख आली होती? यामागे येऊ घातलेल्या स्थानिक निवडणुकांचाही धाक होता, हे खरे. पण त्याने माझा मुद्दा आणखी पक्का होतो.

तिसरा आणि मला सर्वात गंभीर वाटणारा आक्षेप असा: भीतीने सरकार शहाणे होते हे कोणी सांगितले? भ्यालेले सरकार रेवड्या वाटते, कर्ज काढते, कर्ज बुडवणाऱ्यालाही पावते. कठोर आणि दूरचे निर्णय भक्कम बहुमतातच होतात. महाराष्ट्राचा सर्वांत दूरदर्शी कायदा, रोजगार हमीचा, 222 आमदारांच्या काँग्रेसनेच आणला. हे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग 1965 मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिला होता. तो राज्यभर नेण्याची घाई झाली 1972 च्या दुष्काळात, जेव्हा पाऊस हटला, विहिरी आटल्या आणि मे 1973 पर्यंत पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीने लाटणी हातात घेतलेल्या बायकांचे मोर्चे मंत्र्यांच्या दारात नेले. शेजारच्या गुजरातेत 168 पैकी 140 जागा जिंकलेले काँग्रेसचे सरकार वसतिगृहाच्या खाणावळीच्या बिलापासून पेटलेल्या आंदोलनाने दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी 1974 मध्ये पडले. हे सगळे पाहणाऱ्या सरकारला 222 चा आकडा फार ऊब देत नसावा. कामाची मागणी खेड्यांतून, मोर्चे शहरांतून आणि टीका सात जणांच्या पक्षाच्या विरोधी पक्षनेत्याकडून अशी तिन्हीकडून सतत येत राहिली, म्हणून दिलासा म्हणून सुरू झालेले काम पुढे व्यवसाय कराचा पैसा आणि 1977 चा कायदा घेऊन उभे राहिले. 2024 ची भीती मोसमी होती. एका निकालाने आली, दुसऱ्या निकालाने गेली. मधल्या साडेचार महिन्यांत जे सुचेल ते वाटले गेले. रेवडीचा दोष द्यायचाच तर भीती एकदम येण्याला आणि एकदम जाण्याला द्यावा लागेल.

रस्त्यावरच्या भीतीचाही एक दोष आहे, आणि तो मला जास्त खटकतो. ती ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, ज्याच्यामागे जात आहे, ज्याला मुंबई अडवता येते, त्याच्याच कामी येते. लाडक्या बहिणींची संख्या 2025 मध्ये सव्वादोन कोटींहून जास्त होती; एवढा मोठा समूह राज्यात दुसरा नाही, आणि त्याची एक संघटना नाही. पैसा एकेकीच्या खात्यात आला, मत एकेकीने दिले, आता नाव गेले तर तेही एकेकीचेच जाते. जुलै 2025 मध्ये सुमारे 26 लाख नावे संशयित म्हणून थांबवली गेली. त्यांत हजारो पुरुष निघाले, चारचाकी असलेली घरे निघाली, एका घरातल्या तिघीचौघी निघाल्या; त्यांना पैसे का मिळत होते, हे विचारलेच पाहिजे. पण या अटी निवडणुकीच्या आधीपासून शासन निर्णयात होत्या. (चारचाकीच्या अटीतून ट्रॅक्टर तेव्हाच वगळलेला होता, हे जाता जाता.) निवडणुकीआधी ज्या अटींकडे पाहायला कोणाला वेळ नव्हता, त्यांसाठी निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली. सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीचे झाले: बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही जोडायचे. गावातल्या आपले सरकार केंद्रात तिने आधार क्रमांक द्यायचा, ओटीपीची वाट पाहायची. तो येतो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा असतो ऊसतोडीला किंवा पुण्यात बांधकामावर. संकेतस्थळ मध्येच अडकते, दिवस मोडतो, मजुरी बुडते. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, त्यांनी कोणाचा आधार क्रमांक घालायचा, हे विचारणाऱ्या विधवांचे आणि परित्यक्तांचे प्रश्न तक्रारी आल्यावर मंत्रालयाच्या ध्यानात आले आणि मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरवर गेली. 1972 च्या लाटणेवाल्या बायकांमधली एक पुढे वीस आमदारांच्या पक्षाकडून विरोधी पक्षनेती झाली होती. यांच्यासाठी 2025 मध्ये सभागृहात ते पदच रिकामे होते. 2025 च्या अखेरीस या सरकारच्या दप्तरी दोन तारखा होत्या. ट्रॅक्टर घेऊन आलेल्यांच्या बाबतीत 30 जून ही तारीख सरकारने पाळायची होती. ज्यांच्या मतांवर सरकार परत आले, त्या बहिणींच्या बाबतीत 31 डिसेंबर ही तारीख बहिणींनी पाळायची होती.